वाळूत रुतलेल्या मधमाश्या

धाकटीने टेम्पो हळूच थांबवला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून मागच्या पहिल्या पेटीला कान लावला. आतून झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा सलग, खोल आवाज येत होता. तिने शेजारच्या पेटीला कान लावला, मग तिच्या मागच्या. सगळीकडे तेच. पहाट होऊन गेली होती, पण धुकं इतकं दाट होतं की टेम्पोच्या दिव्यांचा उजेड थोडासा पुढे जाऊन कापसात अडकल्यासारखा थांबला होता. समुद्र जवळ होता. त्याचा आवाज मात्र चारी बाजूंनी येत होता, त्यामुळे तो नेमका कुठे आहे ते सांगता येत नव्हतं.

"झाली विचारपूस?" थोरल्या जावेने पुढच्या सीटवरून विचारलं. मधमाश्यांपासून वाचायचा जाळीचा बुरखा तिने घरातून निघतानाच डोक्यावर चढवला होता आणि अजून उतरवला नव्हता.

"झाली. शांत आहेत."

"नशीबवान आहेत. आम्हाला उठवून स्वतः झोपल्या."

धाकटी हसली. प्रवासात मधूनमधून थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि पेट्यांना कान लावायचा, ही या घरातली पद्धत होती. सासूबाईंनी ती घालून दिली होती. दार बंद केलेल्या पेटीत माश्यांना उकडायला लागलं की त्या पंखांनी वारा घालतात आणि आवाज चढतो. चढलेला आवाज पुढे एकदम पडला, तर समजायचं की हातचं गेलं. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. सासूबाईंना अलीकडे ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा एका सकाळी त्यांनी स्वतःहून माश्यांना शांत करायचं धुरांडं आणि हातमोजे धाकटीच्या पुढ्यात ठेवले होते. "माझे कान गेले, आता तुझे," एवढंच म्हणाल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात रोग आला आणि घरामागची भिंतभर पेट्यांची रांग रिकामी झाली. ज्या थोड्या उरल्या, त्या सगळ्या आता टेम्पोत होत्या. शेजारच्या फळबागेत आज औषध फवारणार होते, म्हणून काल संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर धाकटीने पेट्यांची दारं बंद केली होती. वाळूपलीकडच्या गावात एका ओळखीच्या बाईंचं सूर्यफुलाचं शेत होतं, तिकडे त्यांना न्यायचं होतं. पूल दुरुस्तीसाठी बंद होता, त्यामुळे सध्या सगळे या वाळूच्या पट्ट्यावरून जात. चाकोऱ्या पडलेल्या होत्या. जाता येत होतं.

धाकटी परत वर चढली. किल्ली फिरवली, क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं, आणि टेम्पो पुढे जायच्या ऐवजी किंचित खाली बसला. पाहुणा जरा टेकतो ना, तसा. तिने अॅक्सिलरेटर दाबला. मागून वाळू उडाल्याचा सपसप आवाज आला आणि टेम्पो अजून बसला.

"काय झालं?" थोरली म्हणाली.

धाकटीने पाय काढून घेतला. काय झालं ते तिला एका क्षणात कळलं होतं. कोरड्या वाळूवरून जाणारी गाडी चालत राहते ती चालत असते म्हणून. तिथे थांबायचं नसतं. थांबलं की चाकांपुढे वाळूचा उंबरठा तयार होतो, आणि भरलेल्या गाडीला जागच्या जागेवरून तो चढता येत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण थांबून ऐकणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की जागा कुठली आहे हे तिने पाहिलंच नव्हतं.

"रुतलो," ती म्हणाली.

"माझ्या तरी लक्षात आलं होतं इथे थांबायला नको म्हणून," थोरली म्हणाली. मग जरा थांबून, "नाही, खोटं कशाला बोलू. मला वाटलं पोचलो."

दोघी उतरल्या. मागची दोन्ही चाकं अर्ध्याहून जास्त आत गेली होती. धाकटीने वाकून पाहिलं. गाडीचं पोट वाळूला टेकायला आलं होतं. तिने मूठभर वाळू उचलली. ती बोटांमधून पाण्यासारखी गळून गेली. गोल, कोरडे, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले कण.

"मग उघड ना ती दारं," थोरली पेट्यांकडे पाहत, पण त्यांच्यापासून चार हात लांब राहून म्हणाली. "जाऊ देत त्यांना उडत. आपण निवांत काढू गाडी."

"इथे उघडली तर त्या याच जागेला घर समजतील, वहिनी. संध्याकाळी इथेच परत येतील. तोपर्यंत आपल्याला हलता येणार नाही. आणि दिवसभर त्या इथे काय करतील? ना फूल, ना पाण्याचा थेंब. ऊन पडल्यावर ही वाळू तव्यासारखी तापेल."

"आणि नाही उघडली तर?"

"धुकं आहे तोवर ठीक आहे."

थोरलीने मान वर करून पाहिलं. वर पांढरं होतं. त्या पांढऱ्यात एका बाजूला जरासा पिवळा डाग होता, दुधात हळदीचं बोट बुडवल्यासारखा. बाह्या तिने वर सरकवल्या आणि विचारलं, "कशाने उकरू?"

फावडं नव्हतं. माश्यांना साखरेचा पाक द्यायची पत्र्याची थाळी होती आणि एका जुन्या पेटीचं सुटं झाकण होतं. थोरलीने थाळी घेतली. ती शिवणकाम करायची. गुडघ्यावर बसून तिने चाकापुढची वाळू अशी काढायला घेतली की जणू उसवायची शिवण आहे, कापड फाटता कामा नये. पण प्रत्येक थाळीमागे कडेची वाळू तेवढीच घरंगळून आत यायची.

"हे काय गं? मी काढते की ही घालते?"

"उतार जास्त झाला की घसरणारच. रुंद उकरा. लांबवर. चाकापुढे उतरती वाट करायची, विहीर नाही."

"तूच सांग बाई. तुला कॉलेजात हेच शिकवलं असेल."

"कॉलेजात रुतायला नव्हतं शिकवलं."

"ते तू घरी शिकलीस."

धाकटी टायरमधली हवा सोडायला बसली. व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून धरली की बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि टायर हळूहळू तळाशी पसरायचा. पसरलेला टायर वाळूवर उंटाच्या पावलासारखा बसतो, वजन वाटलं जातं. ती शिट्टी, समुद्र आणि पेट्यांची गुणगुण असे तीन आवाज धुक्यात एकमेकांत मिसळले, आणि एका चाकापाशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. झोपेत तिने पाहिलं की ती सासूबाईंच्या खोलीत आहे. खोलीभर वाळू आहे, पलंगाच्या पायांपर्यंत. सासूबाई पलंगावर बसून वाळूला कान लावतायत आणि म्हणतायत, काही बोलत नाही गं ही.

ती दचकून जागी झाली. शिट्टी थांबली होती. पण तिला जाग आली होती ती दुसऱ्याच गोष्टीने. गुणगुण वर चढली होती.

ती धावत पेट्यांपाशी गेली. हात ठेवला, लाकूड कोमट होतं. तिने पाण्याचा कॅन उघडला आणि पेट्यांवर टाकलेल्या गोणपाटांवर थोडं थोडं पाणी शिंपडलं. पेट्यांच्या वरच्या जाळीतून आत थेंब गेले. आवाज जरा उतरला.

"ते पाणी इकडे दे," थोरली तिकडून म्हणाली. "ओली वाळू बसून राहते. बघ, जिथे माझा घाम पडलाय तिथे कड टिकलीये."

तिचं म्हणणं बरोबर होतं. कण कोरडे असताना एकमेकांना ओळखत नाहीत. मधे पाण्याचा पातळ पडदा आला की हात धरून उभे राहतात. चाकांपुढची वाट ओली केली असती तर गाडी नक्की वर आली असती. पण पाणी एवढंच होतं.

"माश्यांना लागेल," धाकटी म्हणाली.

"गाडी निघाली नाही तर माश्यांना पाणी घालून काय करणार? पिंडाला घातल्यासारखं घालत बसशील."

"वहिनी!"

"चुकलं. तोंडातून गेलं." थोरलीने थाळी खाली ठेवली. "पण मी खोटं बोलत नाहीये. दोन्हीकडे नाही पुरणार ते. तू ठरव. तुझ्या आहेत त्या."

धाकटी कॅन मिठीत घेऊन उभी राहिली. तिला कुठलंच ठरवता येईना. पिवळा डाग आता मोठा झाला होता, आणि धुक्यात इथे तिथे फटी पडून त्यांतून निळसर काहीतरी दिसायचं आणि परत बुजायचं.

त्यातल्याच एका फटीतून एक म्हातारा माणूस चालत आला. अंगावर फक्त पोहायची चड्डी, डोक्यावर रबराची टोपी, खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. चालता चालता तो स्वतःशीच काही म्हणत होता. टेम्पो दिसल्यावर तो थांबला, आणि बुरखा घातलेल्या थोरलीकडे बराच वेळ पाहत राहिला.

"मी मेलो तर नाही ना?" त्याने शेवटी विचारलं.

"अजून नाही," थोरली म्हणाली. "पण असे उघडे फिरलात तर फार वेळ लागायचा नाही. कुठून आलात?"

"पोहून आलो. रोज जातो." त्याने चाकांकडे पाहिलं. "इथे थांबलात कशाला? इथे कोणी थांबत नाही."

"आवाज ऐकायला," धाकटी म्हणाली.

म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याला हे कारण पुरेसं वाटलं असावं. तो पेट्यांपाशी गेला, कमरेवर हात ठेवून ऐकत राहिला आणि म्हणाला, "छान आहे."

"काका, समुद्र कुठल्या बाजूला आहे?" धाकटीने विचारलं. हे विचारताना तिच्या मनात काही तयार नव्हतं. ते शब्द आले आणि मग त्यांच्या मागोमाग अर्थ आला.

"हा काय," काका म्हणाले आणि टेम्पोच्या डाव्या बाजूला बोट केलं. "ती टेकडी आहे ना वाळूची, तिच्या पाठीमागे. धुक्यात लांब वाटतो. माझ्या म्हाताऱ्याच्या पायांनीसुद्धा लगेच येतो."

थोरली आणि धाकटीने एकमेकींकडे पाहिलं.

"आणि आपण गोड्या पाण्यासाठी भांडतोय," थोरली म्हणाली.

रिकामे कॅन होते. पाकाची बादली होती. तिघं त्या टेकडीवरून पलीकडे उतरली आणि समुद्र खरंच तिथे होता. करडा, सपाट, कसलीही घाई नसलेला. धाकटीने घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून कॅन आडवा धरला. पाणी आत शिरताना हवेचे बुडबुडे वर आले. तिला क्षणभर वाटलं की आपण इथेच उभं राहावं. कोणी काही ठरवायला सांगणार नाही, कॅन भरत राहील. मग काकांनी तिच्या हातातून भरलेला कॅन घेतला आणि ते वळले.

खेपा किती झाल्या ते कोणी मोजलं नाही. खारं पाणी चाकांपुढच्या उतरत्या वाटेवर ओतलं की वाळूचा रंग गडद व्हायचा आणि ती थोपटल्यासारखी घट्ट बसायची. पेटीचं झाकण आणि रिकामी गोणपाटं चाकांच्या तोंडाशी आडवी घातली. काकांनी टॉवेल काढून टेम्पोच्या मागच्या फळीवर टाकला आणि पोटाखालची वाळू दोन्ही हातांनी बाहेर ओढली. त्यांचा हात चांगला चालत होता.

"सवय दिसतेय," थोरली म्हणाली.

"नातवंडांसाठी किल्ले करतो. हे उलटं आहे, पण तेच."

तेवढ्यात धुकं गेलं. कोणीतरी चादर ओढून घ्यावी तसं एकदम गेलं. ऊन अंगावर पडलं आणि सगळ्यांच्या सावल्या अचानक वाळूवर उमटल्या. पेट्यांचा आवाज भरून आला. कान लावायची गरजच नव्हती; तो आता टेम्पोच्या पत्र्यातून थरथरत होता.

"वहिनी, चला. बसा."

"मी पुढे नाही बसत," थोरली म्हणाली. तिने गोड्या पाण्याचा कॅन उचलला. "मागे बसते त्यांच्याजवळ. शिंपडत राहते."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. ही बाई घरी मागच्या दाराने बाहेर पडत नसे, पेट्या त्या बाजूला आहेत म्हणून.

"बघतेस काय? बुरखा काय शोभेला घातलाय? आणि ऐक. एकदा निघालीस की थांबायचं नाही. पक्का रस्ता लागेपर्यंत नाही. माझं काहीही झालं तरी."

"आणि यांचं?"

"यांचंही. ऐकायला थांबलीस तर पुन्हा हेच."

धाकटी स्टिअरिंगपाशी बसली. चाकं सरळ केली. दुसरा गिअर टाकला, कारण पहिल्यात चाकं भिरभिरतात, आणि क्लच इतका हळू सोडला की पाऊल वर येतंय हे तिचं तिलाच जाणवेना. काका मागून रेटत होते. टेम्पो गदगदला. काहीच होणार नाही असं वाटण्याइतका वेळ गेला. मग पुढचा भाग वर उचलला गेला, खाली झाकण कडाडलं, आणि गाडी ओल्या वाटेवरून वर आली. उशीतून डोकं वर काढावं तशी.

आता फक्त चालत राहायचं होतं. मऊ पडलेले टायर वाळूवर जवळजवळ तरंगत होते. स्टिअरिंग पाण्यातल्यासारखं सैल लागत होतं. ऊन, पांढरी वाळू, दूर थरथरणारी हवेची रेघ. धाकटीला वाटलं की आपण हलत नाही आहोत, वाळूच खालून मागे सरकते आहे. इंजिनाच्या आवाजात पेट्या ऐकू येत नव्हत्या. सासूबाईंना कसं वाटत असेल ते तिला पहिल्यांदाच कळलं. ओठ हलताना दिसावेत आणि आवाज यायचा थांबलेला असावा.

मागून धाडकन थाप पडली. केबिनच्या पत्र्यावर. मग अजून एक. मग लागोपाठ.

धाकटीचा पाय ब्रेककडे गेला आणि तिथेच अधांतरी राहिला. वहिनी पडल्या असतील. पेटी फुटली असेल. आतली मेणाची पोळी वितळून बसली असतील आणि माश्या मधात बुडत असतील. थापा थांबेनात. "वहिनी, थांबता येत नाही!" ती ओरडली. ते मागे पोचलं नसणारच. तिचे डोळे भरून आले, समोरची वाळू आणि आकाश एक झालं, पण पाय तिने ब्रेकवर टेकू दिला नाही. चाकोरी दिसत नव्हती तरी ती सरळ धरून राहिली.

मग चाकांखालचा आवाज बदलला. खडी. पक्का रस्ता. तिने थोडं पुढे जाऊन झाडाच्या सावलीत गाडी थांबवली आणि पळत मागे गेली.

थोरली पेट्यांच्या मधोमध बसली होती. रिकामा कॅन मांडीवर, बुरखा एका बाजूला कललेला, सगळी भिजलेली.

"काय झालं? थापा कशाला मारत होतात?"

"टॉवेल!" थोरली म्हणाली. तिने मागच्या फळीकडे बोट केलं. पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल तिथेच होता. "तो माणूस बिचारा कितीतरी लांब धावला आपल्या मागे. चड्डीवर. मला वाटलं, तू थांबशील."

"थांबू नको म्हणाला होतात."

"हो, म्हणाले होते. बरं केलंस." मग तिचा चेहरा बदलला. "पण अगं, यांचा आवाज गेलाय. मी शिंपडत होते, तोवर जोरात होता. पाणी संपायच्या आधीच गप्प झाल्या. सगळ्या एकदम."

धाकटीने पहिल्या पेटीवर कान ठेवला. तिच्या स्वतःच्या कानात रक्त इतकं वाजत होतं की त्यापलीकडचं काही येईना. गार होऊन शांत झाल्या असतील. किंवा. तिने दुसऱ्या पेटीकडे जायचं टाळलं.

"शेत हे काय, दिसतंय," ती म्हणाली. "उतरवू या."

त्या मऊ टायरांवरच डुलत शेताच्या बांधापर्यंत गेल्या. दोघींनी एकेक पेटी उचलून सावलीत मांडली. सूर्यफुलं वरून पाहत होती. धाकटीने गुडघे टेकले, पहिल्या पेटीच्या दारातली पट्टी सरकवली आणि बाजूला झाली.

दार उघडं होतं आणि त्यात काळोख होता. बराच वेळ नुसता काळोखच राहिला.

मग एक माशी उलटी चालत बाहेर आली. तिने मागे काहीतरी धरलं होतं आणि ते जड होतं. ती ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. फळीच्या कडेला आल्यावर दिसलं, ती दुसरी माशी होती, पाय दुमडलेली.

"गेली?" थोरली कुजबुजली.

"ही गेली," धाकटी म्हणाली. "ओढणारीकडे बघा ना."

ओढणारीने कडेवरून ते ओझं खाली टाकलं, आणि लगेच वळून आत गेली. तिच्या मागोमाग आणखी एक बाहेर आली, तसंच काही घेऊन. मग दोघी. मग दाराशी गर्दी झाली. आत जाणाऱ्या, बाहेर येणाऱ्या, एकमेकींना ढकलणाऱ्या. धाकटी पुढच्या पेटीकडे गेली, तिथेही तेच. सगळ्यात शेवटच्या पेटीतून बाहेर पडणारं ओझं जास्त होतं. पण तिथेही ओढणाऱ्या होत्या.

थोरलीने बुरखा वर केला. मग काढलाच. ती वाकून इतकी जवळ गेली की एक माशी तिच्या भुवईला घासून उडाली. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"आल्या आल्या केर काढायला लागल्या," ती म्हणाली. "दमल्याभागल्या आहेत, जरा बसतील, पाणी पितील, तर नाही. आत सगळ्या बायकाच का गं?"

"जवळजवळ."

"वाटलंच मला."

धाकटी बांधावर आडवी झाली. गवत टोचत होतं. डोळे मिटल्यावर पापण्यांच्या आत ऊन नारिंगी झालं, आणि त्या नारिंगीत ती हळूहळू खाली खाली जाऊ लागली. कुठूनतरी थोरलीचा आवाज येत होता. ती माश्यांना सांगत होती, हे राहिलं बघ, हा कोपरा राहिला.